फोनचं नेट लॅपटॉपवर: केबल लावावी की हॉटस्पॉटच बरा?

हॉटस्पॉटवर मीटिंग अडकायला लागली की कुणीतरी सल्ला देतंच, "केबल लाव, फास्ट चालेल." सल्ला चुकीचा नाही, पण सरसकट खराही नाही. नेट दोन टप्प्यांत येतं: टॉवरपासून फोनपर्यंत आणि फोनपासून लॅपटॉपपर्यंत. फोन आणि लॅपटॉप जोडणारी यूएसबी केबल फक्त दुसरा टप्पा सुधारते. पहिल्यातच बोंब असेल तर सोन्याची तार जोडली तरी मीटिंग अडकायची ती अडकणारच.

म्हणून आधी एवढं करा. फोन रोज जिथे ठेवता तिथेच ठेवून फोनवर स्पीड टेस्ट चालवा. मग हॉटस्पॉट चालू करून तीच टेस्ट लॅपटॉपवर. फोनवर १२ एमबीपीएस आणि लॅपटॉपवर ११ आले, तर केबलने वेग वाढणार नाही. फोनवर ८० आणि लॅपटॉपवर १५ आले, तर गळती हॉटस्पॉटमध्ये आहे आणि केबल कामाची आहे. एकदाच करून निकाल लावू नका. टॉवरवरची गर्दी सकाळी सहाला वेगळी आणि रात्री नऊला वेगळी. फाइव्ह-जीवर मात्र हात आखडता घ्या, तिथे एकेक टेस्ट सहज काहीशे एमबी खाते.

शहरातला फ्लॅट आणि गावाकडचं घर

हॉटस्पॉट २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतो. २.४ भिंतीपलीकडे जातो, पण त्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल, म्हणजे लहरींच्या वाटा, मोजून तीन. पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत वाय-फायची यादी उघडून बघा: वरच्या मजल्यावरचा राऊटर, शेजारच्यांचा टीव्ही, खालच्या दुकानाचा कॅमेरा, सगळे त्याच तीन चॅनेलांत कोंबलेले. तुमच्या फोनचा हॉटस्पॉट त्या गर्दीत रांगेत उभा राहतो. टेस्टचा आकडा बरा दिसतो, पण बोलताना मध्येच शब्द गळतात, समोरचा "आवाज तुटतोय" म्हणतो. केबलचा खरा फायदा इथे आहे. कमाल वेगापेक्षा तिचा एकसारखेपणा महत्त्वाचा. कॉल, ऑनलाइन परीक्षा, रिमोट डेस्कटॉप (म्हणजे दूरचा संगणक इथून चालवणं), गेम, जिथे अर्ध्या सेकंदाची उचकीही नडते, तिथे मी डोळे झाकून केबल लावेन.

५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण फोन जवळ हवा. शिवाय जुन्या लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाला ५ दिसतच नाही. हॉटस्पॉट चालू आहे, इतर फोन जोडले जातायत आणि लॅपटॉपच्या यादीत नावच येत नाही, असं झालं की हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करून बघा. आयफोनमध्ये, म्हणजे १२ आणि त्यापुढच्या मॉडेलांत, हेच 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' या नावाने आहे.

आता गावाकडचं घर घ्या. आजूबाजूला राऊटर नाहीत, त्यामुळे २.४ मोकळा. फोनपासून लॅपटॉपपर्यंतच्या टप्प्यात काही अडचण नसते. अडचण असते ती टॉवरची. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या, वर पत्रा घातलेल्या घरात माजघरात एक दांडी आणि पडवीत तीन, हे काही नवीन नाही. रेंज माळ्यावरच्या खिडकीपाशी असेल तर फोन तिथेच राहायला हवा, आणि मीटरभर केबल लावून तुम्ही लॅपटॉपसकट माळ्यावर बसणार नाही. इथे हॉटस्पॉट जिंकतो: फोन खिडकीच्या गजाला पिशवीत लटकवा, चार्जर लावा, हॉटस्पॉट २.४ वर ठेवा आणि खाली टेबलाशी काम करा. म्हणजे नेट "खराब" असलेल्या गावात केबल आणि नेट "चांगलं" असलेल्या शहरात हॉटस्पॉट, असा जो सर्वसाधारण समज असतो, त्याच्या बरोबर उलट निर्णय बहुतेक वेळा योग्य ठरतो.

लांब केबलने दोन्ही साधेल का? यूएसबी २.० च्या केबलला ५ मीटरची मर्यादा आहे, आणि बाजारातल्या स्वस्त लांब केबली त्याच्या कितीतरी आधी मान टाकतात. दोन मीटरपर्यंतची चांगली केबल बिनघोर चालते, त्यापुढे नशिबाचा खेळ.

केबलचा वेग: छापलेला आणि मिळणारा

बहुतेक मध्यम किमतीच्या फोनांची पिन टाइप-सी असली तरी आत यूएसबी २.० च असतं. साधा आयफोन १५ सुद्धा त्यातलाच. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० एमबीपीएस, हाती येतो तो ३०० च्या आसपास. फोर-जीवाल्याला हे पुरून उरतं. पण फाइव्ह-जीचा टॉवर समोर असेल आणि फोनवरच चार-पाचशे येत असतील, तर नवा लॅपटॉप आणि ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट ही जोडी आकड्यात केबलला मागे टाकू शकते. मोठ्या फाइली उतरवायच्या असतील तर हॉटस्पॉट, कॉल असेल तर केबल, अशी अदलाबदल करायला हरकत नाही.

बॅटरी

हॉटस्पॉट चालू असताना फोन एकाच वेळी टॉवरशीही बोलतो आणि लॅपटॉपशीही, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. केबलमध्ये दुसरं रेडिओचं काम वाचतं, वर लॅपटॉपकडून थोडी वीजही मिळते. पण ही वीज फार नाही. साध्या यूएसबी २.० पोर्टातून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट; यूएसबी ३ च्या, बहुधा निळी जीभ असलेल्या पोर्टातून साडेचार. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो, आणि मग केबल लावूनही टक्का हळूहळू खालीच येताना दिसतो. टाइप-सी पोर्टातून सहसा जास्त मिळतं.

वीज गेली की हिशोब फिरतो. महावितरणने दुपारी दोन तास घेतले, तर केबलवरचा फोन लॅपटॉपच्या बॅटरीवर जगतो. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी असेल तर अशा वेळी हॉटस्पॉटवर जा आणि फोन पॉवर बँकेला लावा.

रोज आठ-आठ तास केबलवर राहणाऱ्या फोनची आणखी एक काळजी: तो दिवसभर १०० टक्क्यांवर आणि कोमट राहतो, आणि लिथियम बॅटरीला हे दोन्ही मानवत नाही. बऱ्याच फोनांत आता ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू करा. कव्हर काढून ठेवा. उन्हाळ्यात विदर्भात तर फोन पंख्याखालीच बरा.

जोडताना कुठे अडतं

हॉटस्पॉटला शिकवावं लागत नाही: नाव, पासवर्ड, झालं. केबलचं मात्र पहिल्यांदा थोडं नाटक असतं.

पहिली भानगड केबलचीच. अनेक स्वस्त केबलींत फक्त विजेच्या दोन तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. फोन चार्ज होतो, पण सेटिंगमधलं 'यूएसबी टेदरिंग', म्हणजे केबलने नेट देण्याचं बटण, पुसट राहतं, दाबलंच जात नाही. फोन बिघडला म्हणून लोक दुकानात घेऊन जातात. दुकानात "चार्जिंग केबल" न म्हणता "डेटा केबल" मागा, आणि शक्य असेल तर तिथेच फोटो लॅपटॉपवर उघडून बघा. फोटो दिसले की नेटही चालणार.

विंडोजला अँड्रॉइड फोन लावला की वेगळं काही टाकावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू केलं, की लॅपटॉपला वाटतं राऊटरची वायरच जोडली आहे. नेटवर्क अडॅप्टरांच्या यादीत तो 'रिमोट एनडीआयएस' अशा भारदस्त नावाने बसतो. लिनक्सवरही तसंच. मॅक मात्र ही एनडीआयएसची भाषा जाणत नाही. पिक्सेलसारखे काही नवे अँड्रॉइड फोन एनसीएम नावाची दुसरी पद्धत वापरतात, ते मॅकवर थेट चालतात. बाकीच्यांसाठी बाहेरचा ड्रायव्हर (उपकरण ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) शोधत बसण्यापेक्षा हॉटस्पॉट घ्या, त्या वाटेला जाऊ नका. आयफोन आणि मॅक केबलने लगेच जुळतात. आयफोन आणि विंडोज असेल तर ॲपलचं आयट्यून्स किंवा 'ॲपल डिव्हायसेस' टाकावं लागतं, आणि केबल लावल्यावर फोनवर 'ट्रस्ट' दाबावं लागतं.

केबल काढून परत लावली, की बहुतेक अँड्रॉइड फोनांवर टेदरिंग पुन्हा हाताने चालू करावं लागतं. रोजच्याला हे वैतागवाणं आहे. फोनमधली डेव्हलपर ऑप्शन्स ही लपलेली सेटिंग उघडलीत (फोनच्या माहितीच्या पानावरच्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून), तर तिथे 'डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन' मध्ये टेदरिंग निवडता येतं. मग केबल लावली की नेट सुरू. हॉटस्पॉटचाही असाच एक चाळा आहे: दहा मिनिटं कुणी जोडलेलं नसलं की बऱ्याच फोनांवर तो आपोआप बंद होतो, आणि जेवून आल्यावर तुम्ही माळ्यावर फोन शोधायला निघता. ते आपोआप बंद होणं सेटिंगमधून काढता येतं.

कंपनीचा लॅपटॉप असेल तर निवड कदाचित तुमच्या हातात नाही. कित्येक कार्यालयांत यूएसबीला बाहेरचं काही जोडायला आयटीवाल्यांची बंदी असते. तिथे हॉटस्पॉट वापरायचा.

केबलचं एक काम हॉटस्पॉटला कधीच जमणार नाही. लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड मेलंय किंवा नव्याने विंडोज टाकल्यावर वाय-फायचा ड्रायव्हरच नाहीये, आणि तो ड्रायव्हर उतरवायला नेट हवंय. अशा वेळी अँड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडा आणि केबलने टेदरिंग करा. फोन मोबाईल डेटा न वापरता वाय-फायचंच नेट लॅपटॉपला देतो. आयफोनला हे येत नाही, तो फक्त सिमचं नेट वाटतो.

डेटा कुठे जातो

दिवसाला दीड-दोन जीबीचं रिचार्ज असणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. केबलवर असताना विंडोज तुम्हाला वायरच्या ब्रॉडबँडवर समजतं, आणि ब्रॉडबँडवाल्याकडे डेटाला तोटा नसतो, असं गृहीत धरून अपडेट, वनड्राइव्ह, सगळं मोकळं सोडतं. सकाळी साडेदहालाच दिवसाचा कोटा संपतो आणि ६४ केबीपीएसवर गोल फिरत बसतं. यावर उपाय सोपा आहे: सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट, आणि तिथे 'मीटर्ड कनेक्शन' चालू, म्हणजे डेटा मोजका आहे हे विंडोजला कळतं. हॉटस्पॉटलाही हेच करा, पण तिथे लोक निदान आठवणीने करतात. व्हिडिओसकट एक तासाची ग्रुप मीटिंग साधारण एक जीबीच्या आसपास खाते, तेव्हा कॅमेरा बंद ठेवण्याला आळस म्हणू नये.

घरात ब्रॉडबँड आहे आणि फोन फक्त चार्ज करायला लॅपटॉपला लावलाय, पण वर सांगितलेलं डीफॉल्ट टेदरिंग चालू आहे, तर विंडोज बहुतेक वेळा वायरला वाय-फायपेक्षा वरचा मान देतं. फुकटचं वाय-फाय बाजूला राहतं आणि सिमचा डेटा गुपचूप जातो.

आणि दोन सिमवाल्यांसाठी: नेट एका सिमवर आणि फोन आला दुसऱ्या सिमवर, तर पुष्कळ फोनांत बोलणं चालू असेपर्यंत नेट थांबतं. केबल असो वा हॉटस्पॉट, मीटिंग गेलीच. सिमच्या सेटिंगमध्ये कॉलदरम्यान डेटा चालू ठेवण्याचा पर्याय असेल तर बघा, नाहीतर महत्त्वाच्या मीटिंगला दुसरं सिम बंद.

ब्लूटूथ, डोंगल आणि बाकी

ब्लूटूथने जेमतेम दोन एमबीपीएस मिळतात. बॅटरी कमी खातं हे खरं, पण मेल पाठवण्यापलीकडे उपयोग नाही. एसटीत बसून फक्त एक अर्ज भरायचाय आणि फोन वीस टक्क्यांवर आहे, एवढ्यापुरतं ठीक.

डोंगल (लॅपटॉपला लावायची सिमवाली कांडी) किंवा खिशातला फोर-जी राऊटर घ्यायचा तर वेगळं सिम, वेगळं रिचार्ज. फोनपेक्षा त्यात रेंज जास्त मिळेल अशी आशा धरून घेऊ नका. फायदा एवढाच की फोन तुमच्याबरोबर बाहेर गेला तरी घरच्यांचं नेट चालू राहतं. लॅपटॉप एक आणि माणसं चार असतील तर ते बरं, एकट्याला नको. तसंही अँड्रॉइडवर केबल आणि हॉटस्पॉट दोन्ही एकदम चालतात: तुमचा लॅपटॉप वायरवर, मुलाचा टॅब हॉटस्पॉटवर.

रोजची पूर्णवेळ नोकरी घरून असेल आणि गल्लीत फायबर आलेलं असेल, तर फायबर घ्या. फोनवर आठ तासांची नोकरी चालते, पण फोन आणि माणूस दोघंही तापतात. फायबर घेतलंत तरी दीड मीटरची चांगली डेटा केबल लॅपटॉपच्या बॅगेत टाकून ठेवा, आणि टेदरिंग एकदा जोडून, मीटर्ड करून बघितलेलं असू द्या. फायबर तुटतो तो नेमका मीटिंगच्या दिवशी, आणि तेव्हा 'ट्रस्ट' कुठे दाबायचं ते शोधायला वेळ नसतो.