डेफिनिट, डेफिनिटिव्ह, फायनल की कन्क्लुझिव्ह: कुठे कोणता शब्द घ्यावा?

इंग्रजीत अहवाल, करारनामा किंवा बातमी लिहिताना ‘आता पक्कं, यापुढे वाद नको’ असं म्हणायची वेळ आली की चार शब्द पुढे येतात: डेफिनिट, डेफिनिटिव्ह, फायनल आणि कन्क्लुझिव्ह. शब्दकोश उघडला तर चौघांचे अर्थ निश्चित, अंतिम, निर्णायक याच तीन शब्दांभोवती घुटमळतात. मग कुठलाही उचलला तरी चालेल असं वाटतं, आणि तिथेच घोळ होतो. निवडताना एकच बघायचं, नेमकं संपलंय काय? टप्पे संपले असतील तर फायनल. शंका संपली असेल तर कन्क्लुझिव्ह. यापुढे सगळ्यांनी ज्याचा आधार घ्यायचा असं काही हाती आलं असेल तर डेफिनिटिव्ह. डेफिनिटमध्ये काहीच संपत नाही, धूसर होतं ते स्पष्ट झालं एवढंच. (आपल्याकडे ‘डेफिनेटली येतो’ म्हणणारा येईलच याची खात्री नसते, ते वेगळं.)

चारही शब्द एकाच प्रकरणात लावून पाहायचे तर शिवजन्माच्या तारखेइतकं चांगलं उदाहरण नाही. काही बखरींच्या आधाराने शके 1549, म्हणजे 1627 साल धरलं जायचं. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत, मात्र शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी दिलेली आहे. ही झाली डेफिनिट तारीख: साल, महिना, तिथी, सगळं नेमकं. पण नेमकी नोंद खरीच असेल असं नाही, बखरींतल्या तिथ्याही नेमक्याच होत्या. शिवकालीन कवी कवींद्र परमानंद याच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही शके 1551 चीच तिथी मिळते, तेव्हा पुराव्याचं पारडं जड झालं. हा पुरावा कन्क्लुझिव्ह आहे की नाही, यावर अभ्यासकांनी बरीच वर्षं घासाघीस केली. 2001 साली राज्य शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. सरकारी सुट्टी आणि कार्यक्रम यांच्यापुरता तो निर्णय फायनल. शासनाने ठरवलं म्हणून तारीख डेफिनिटिव्ह झाली असं मात्र कुणी इतिहासकार म्हणणार नाही. त्यासाठी सगळी साधनं समोर ठेवून, विरोधी नोंदींना उत्तर देऊन केलेली मांडणी लागते, आणि डेफिनिटिव्ह हे विशेषण त्या मांडणीला लागतं. आजही तिथीने जयंती साजरी करणारे आहेत, पण तो वाद पंचांग की कॅलेंडर असा आहे, सालाचा नाही.

फायनल आणि कन्क्लुझिव्ह यांची गल्लत सर्वांत महागात पडते ती कोर्टात. वाटपाच्या दाव्याचंच घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेत डिक्रीची, म्हणजे हुकूमनाम्याची, व्याख्याच अशी आहे की तो देणाऱ्या न्यायालयापुरते पक्षकारांचे हक्क तो कन्क्लुझिव्हली ठरवतो, आणि तो प्रिलिमिनरी असू शकतो किंवा फायनल. म्हणजे प्राथमिक हुकूमनामासुद्धा कन्क्लुझिव्ह असतो! भावाला एक तृतीयांश, बहिणीला एक तृतीयांश हे हिस्से तिथेच ठरतात. कुठला बांध कुणाकडे, विहीर कुणाच्या वाट्याला, हे मोजणी होऊन सरस-निरस (जमिनीचा कस बघून) वाटप झालं की फायनल डिक्रीत येतं. आता ‘प्राथमिक’ या शब्दावर विसंबून कुणी म्हणालं, हे तर तात्पुरतं आहे, शेवटच्या निकालावर अपील करू, तर संहितेचं कलम 97 आडवं येतं. प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केलं नसेल, तर फायनल डिक्रीवरच्या अपिलात त्याच्या बरोबर-चुकीबद्दल तोंड उघडता येत नाही. इंग्रजीतून मराठीत निकालाचा गोषवारा करणाऱ्याने कन्क्लुझिव्हलाही ‘अंतिम’ असं लिहून टाकलं, तर अशिलाला हा धोका कळणारच नाही. तिथे ‘निर्णायक’ किंवा ‘निर्णायकपणे’ हेच हवं.

उलट, कायद्यातलं फायनल वाटतं तितकं फायनल नसतं. पक्षांतराच्या प्रकरणात सभागृहाच्या अध्यक्षांचा निर्णय फायनल राहील, असं राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात लिहिलंय. तरी त्याची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये सांगितलं. म्हणूनच महाराष्ट्र विधानसभा अध्यक्षांनी 10 जानेवारी 2024 रोजी शिवसेनेच्या आमदारांबाबत निर्णय दिल्यावरही प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं. अशा ठिकाणी फायनलचा अर्थ इतकाच, की त्या चौकटीत त्याच्यावर अपिलाची पायरी नाही.

धंद्याच्या बातम्यांत मात्र डेफिनिटिव्हचं राज्य आहे, आणि भाषांतर तिथेच हमखास घसरतं. डेफिनिटिव्ह ॲग्रीमेंट म्हणजे ‘अंतिम करार’ असं छापलं की वाचकाला वाटतं, व्यवहार झाला. झी आणि सोनी यांचं बघा. सप्टेंबर 2021 मध्ये त्यांच्यात बंधनकारक नसलेली टर्म शीट झाली, डिसेंबर 2021 मध्ये डेफिनिटिव्ह ॲग्रीमेंट्सवर सह्या झाल्या, आणि जानेवारी 2024 मध्ये सोनीने विलीनीकरण रद्द केलं. मग डेफिनिटिव्ह काय होतं? अटी. टर्म शीट हे बोलणीच्या पातळीवरचं टिपण. डेफिनिटिव्ह कराराने अटी पक्क्या होतात आणि दोन्ही पक्ष बांधले जातात, पण मंजुऱ्या आणि पूर्तता पुढेच असतात. बातमीत ‘बंधनकारक करार’ लिहावं. थोडं रुक्ष आहे, पण खोटं नाही.

दवाखान्याच्या कागदांवर हाच फरक जास्त जवळून भिडतो. डिस्चार्ज कार्डावरचं फायनल डायग्नोसिस म्हणजे घरी सोडताना लिहिलेलं निदान. ते डेफिनिटिव्ह असेलच असं नाही. गाठीत सुई घालून केलेल्या तपासणीत संशय येतो आणि बायोप्सीत पेशींची ओळख पटते, ते डेफिनिटिव्ह डायग्नोसिस. डेफिनिटिव्ह ट्रीटमेंट म्हणजे मुळावर घाव घालणारा मुख्य उपचार. त्याला ‘अंतिम उपचार’ म्हटलं तर नातेवाइकांच्या पोटात गोळा येईल. आणि रिपोर्टवर इनकन्क्लुझिव्ह असेल तर तो निगेटिव्ह समजून फाइल बंद करू नका. त्या तपासणीतून निकाल लागला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जीवशास्त्रात तर ‘शेवटचा’ हा अर्थ पार गळून पडतो. हिवतापाच्या परजीवीचं लैंगिक प्रजनन ॲनॉफिलिस डासात होतं, म्हणून डास हा डेफिनिटिव्ह होस्ट (परजीवीचा यजमान) आणि माणूस मधला. नारूच्या बाबतीत उलट: माणूस डेफिनिटिव्ह, पाण्यातला सायक्लॉप्स हा बारीक जीव मधला. पोस्टाच्या तिकिटांत डेफिनिटिव्ह म्हणजे रोजच्या वापराची, पुन्हा पुन्हा छापली जाणारी मालिका. एखाद्या प्रसंगासाठी मर्यादित छापलेली तिकिटं वेगळी.

ग्रंथांच्या बाबतीत माझं मत कडक आहे: स्वतःच्या कामाला डेफिनिटिव्ह म्हणू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 मध्ये सुरू झालेलं महाभारताच्या चिकित्सक (क्रिटिकल) आवृत्तीचं काम 1966 मध्ये पूर्ण झालं. तिचे संपादक वि. सी. सुकथनकर यांचा दावा काय होता? उपलब्ध हस्तलिखितं जितक्या जुन्या पाठापर्यंत नेतात तितका पाठ. व्यासांची मूळ संहिता सापडली, असा नव्हे. आवृत्तीचं नाव क्रिटिकलच राहिलं. तिला डेफिनिटिव्ह म्हणायचं असेल तर ते वापरणाऱ्या अभ्यासकांनी म्हणावं. पुस्तकांच्या जाहिरातीत हा शब्द आता इतका स्वस्त झालाय, की परीक्षण लिहिताना मी त्याऐवजी ‘प्रमाणभूत’ वापरीन, तोही फार क्वचित.

राहता राहिलं ‘मोअर डेफिनिटिव्ह’. जुन्या वळणाचे लोक नाक मुरडतात: प्रमाणभूत ते प्रमाणभूत, त्यात कमी-जास्त कसलं? डॉक्टर मात्र सर्रास लिहितात. एक तपासणी दुसरीपेक्षा जास्त खात्री देते हे खरंच असतं, त्यामुळे वैद्यकीय अहवालात चालू द्यावं. कायद्याच्या मसुद्यात आणि करारात ते काढून टाकावं.