दुसरं ग्राफिक्स कार्ड जोडावं की एकच दमदार घ्यावं?

राजारामपुरीतला मावसभाऊ विचारतोय: आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड आहेच, तसलंच जुनं दुसरं जोडू, की हे विकून एकच तगडं घेऊ?

भावा, गेमसाठी जोडीचा नाद सोड. ३०७० ला एसएलआयची, म्हणजे दोन कार्डं जोडून एकच गेम चालवायची, सोयच नाही. त्या मालिकेत ती फक्त ३०९० वर्गाला मिळाली. त्याआधीच्या कार्डांनाही ती बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०२१ पासून नवीन एसएलआय प्रोफाइल (गेमला जोडी वापरता यावी म्हणून लागणारी सेटिंग) देणं थांबवलं. आणि जोडी जमली तरी मेमरीची बेरीज होत नाही: ८ अधिक ८ जीबी, गेमला ८च.

वीज? आणखी २२० वॅट, मोठा पॉवर सप्लाय, वर एप्रिलच्या उकाड्यात खोलीत शेगडी. तगड्या कार्डाला पैसे एकदम लागतात खरे, पण जुनं विकून थोडे सुटतात.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग (मॉडेलवरून चित्र तयार) करणाऱ्याने मात्र खुशाल दोन लावावीत. तिथे एसएलआय लागतच नाही. तू नुसता खेळणार, एकच घे.