दहिसर ते मनोर: काँक्रीटच्या महामार्गावर अकरा महिने

मी दहिसर पूर्वेला राहतो आणि वसई पूर्वेतील एका कारखान्यात नोकरी करतो. आठवड्यातून पाच दिवस वसई खाडीवरचा वर्सोवा पूल ओलांडून सातिवलीपर्यंत जाणे-येणे होते, आणि पत्नीचे माहेर मनोरच्या पलीकडे असल्यामुळे महिन्यातून एकदोनदा त्याहून पुढेही जावे लागते. पहिले चार महिने हा प्रवास मी मोटारसायकलवर केला आणि नंतर चारचाकीने. तसे का करावे लागले ते पुढे येईलच. दोन्ही वाहनांवरून हा एकच रस्ता वाटत नाही, एवढे आधी सांगून ठेवतो.

राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडचा ‘आठ नंबर’, दहिसरपासून गुजरातच्या सीमेपर्यंत सुमारे १२० किलोमीटर आहे. त्याच्या जुन्या डांबरावर सिमेंट काँक्रीटचा थर चढवण्याचे काम २०२४ मध्ये जोरात सुरू झाले. या रस्त्यावर गुजरातकडून येणाऱ्या मालगाड्या असतात, शिवाय न्हावा-शेवा बंदरातून घोडबंदरमार्गे येणारे कंटेनरही याच प्रवाहात मिसळतात. एवढ्या ओझ्याखाली डांबर दबते, दबलेल्या जागी पाणी मुरते आणि श्रावणापर्यंत त्याचा खड्डा होतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. काँक्रीटची लादी तेच ओझे रुंद पसरवते आणि पाण्याने विरघळत नाही. या पावसाळ्यात काम पूर्ण झालेल्या भागात मला गाडी अचानक वळवावी लागेल असा एकही खड्डा लागला नाही. खड्डा चुकवताना शेजारच्या ट्रकखाली जाणाऱ्या दुचाकीस्वारांच्या बातम्या ज्याने वाचल्या आहेत, त्याला ही सुधारणा किती मोठी आहे ते वेगळे सांगायला नको. लादीवर आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असल्यामुळे भर पावसातही ब्रेक लावल्यावर चाके धरून राहतात. सांध्यांवरून जाताना टक-टक असा आवाज येतो खरा. पंधरा दिवसांनी तो ऐकू येईनासा होतो.

माझी तक्रार आहे ती टप्प्यांविषयी. एवढा वाहता महामार्ग पूर्ण बंद करता येत नाही, म्हणून एका वेळी एक मार्गिका अडवून काम करावे लागते. ओतलेले काँक्रीट गोणपाट घालून, पाणी मारून बरेच दिवस भिजत ठेवावे लागते आणि ते पुरेसे कडक होईपर्यंत सगळी वाहतूक उरलेल्या जागेत कोंबली जाते. फाउंटन हॉटेलच्या नाक्यावरील कोंडी त्यातूनच वाढते, आणि ती मी समजून घेऊ शकतो. समजून घेता येत नाही ती नव्या लादीची कड. नवी मार्गिका जुन्यापेक्षा जवळजवळ वीतभर उंच असते, आणि शेजारची मार्गिका त्याच पातळीवर येईपर्यंत ती कड तशीच उघडी राहते. चारचाकीला ती दोन मार्गिकांमधली सीमा वाटते, पण दुचाकीला ती पायरी असते. जानेवारीत एका संध्याकाळी मागून ट्रेलर अंगावर येऊ लागला म्हणून मी डावीकडे सरकलो, तेव्हा पुढचे चाक त्या कडेला घासले आणि मी गाडीसह खाली आलो. ट्रेलर थांबला, कोपराचे हाड तेवढे मोडले. त्या ठिकाणी ना उतार करून दिलेला होता, ना पिंप, ना चमकणारी पट्टी. ठेकेदाराच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी तिथे वाळूची चार पोती ठेवली, असे सहकाऱ्यांकडून कळले. हात बरा झाल्यावर मी मोटारसायकल विकली. ज्यांना ती विकून दुसरे काही घेणे परवडत नाही, असे निम्म्याहून अधिक लोक आमच्या कारखान्यात आहेत.

याच उंचीचे आणखी दोन परिणाम मला पावसाळ्यात दिसले. रस्ता वर गेला की त्याच्या कडेचे सगळे काही तितकेच खाली जाते. दुभाजक आणि कडेचे कठडे पूर्वीच्याच उंचीचे राहिले, तर भरधाव गाडीला अडवण्याची त्यांची क्षमता तेवढी कमी होते, त्यामुळे तेही वर उचलायला हवेत. आमच्या पट्ट्यात हे काही ठिकाणी झाले आहे, काही ठिकाणी नाही. दुसरा परिणाम पाण्याचा. पूर्वी महामार्गावर साचणारे पाणी आता सेवा रस्त्यावर उतरते आणि तिथून चाळींच्या उंबऱ्यापर्यंत जाते. जुलैमध्ये दोन दिवस आमच्या फाट्यावरचा किराणा दुकानदार पोती फळीवर चढवून बसला होता आणि त्याच्यासमोरून गाड्या कोरड्या रस्त्यावरून सुसाट जात होत्या.

रात्रीच्या वाहनचालकांसाठी एक सूचना. फिकट पृष्ठभागामुळे दिव्यांचा उजेड लांबवर पोहोचतो आणि रस्त्यावरचे माणूस किंवा जनावर लवकर दिसते, ही जमेची बाजू; परंतु पांढऱ्या लादीवरचे पांढरे पट्टे ओल्या रस्त्यावर जवळजवळ नाहीसे होतात. पट्ट्याला काळी किनार दिली की तो उठून दिसतो, पण तशी किनार मला मोजक्याच ठिकाणी आढळली.

मनोरच्या पुढे चारोटीला सूर्या नदीचा पूल लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबईकडे येणारी गाडी याच पुलाच्या कठड्यावर आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्या जागी तीन मार्गिकांच्या दोन होत होत्या, याची पुष्कळ चर्चा झाली. रस्ता कुठे अरुंद होतो हे चालकाला पुरेसे आधी कळले पाहिजे, हा धडा त्यातून घेतला गेला असेल, तर काम चालू असलेल्या प्रत्येक ठिकाणी तो दिसायला हवा. प्रत्यक्षात वळण रस्त्याचा फलक पुष्कळदा वळणावरच उभा असतो. आमच्या घरात मात्र मागे बसणाऱ्या सासूबाईही आता आपणहून पट्टा लावतात.

सर्वात कमी लाभ पायी चालणाऱ्यांच्या वाट्याला आला आहे. आमच्या पॅकिंग विभागातील एक ताई पलीकडच्या पाड्यावरून रोज महामार्ग ओलांडून येतात. मार्चमध्ये त्या मला म्हणाल्या, ‘‘साहेब, खड्डे होते तेव्हा गाड्या हळू यायच्या, आता पाय टाकायला सापडत नाही.’’ मी हिशेब करून पाहिला. एका दिशेच्या तीन मार्गिका म्हणजे साडेदहा मीटर. डबा आणि पिशवी घेऊन चालणाऱ्या बाईला ते अंतर पार करायला नऊ सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात २०० मीटर येते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. भुयारी मार्ग आहे, पण तिथपर्यंत जाऊन परत यायचे म्हणजे पाऊण तास मोडतो. गुळगुळीत रस्ता आधी आणि ओलांडण्याची सोय नंतरच्या टप्प्यात, हा क्रमच मला चुकीचा वाटतो. निदान फाट्यांजवळ तरी तो उलटा असायला हवा होता.

चारचाकीचा चालक म्हणून मी या रस्त्याला पाचपैकी चार गुण देईन. मोटारसायकलवर असतो तर दोनच दिले असते.

मागच्या आठवड्यात आमच्या फाट्यासमोर दुभाजकात लोकांनी पाडलेली फट लोखंडी पट्ट्या लावून बंद करण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी तिथून गेलो, तेव्हा सर्वात खालच्या पट्टीखाली कोणीतरी माती उकरून ठेवली होती. ताई आधी डबा पलीकडे सरकवून मग स्वतः वाकत होत्या, आणि त्यांच्या मागे आणखी सहा जणी उभ्या होत्या.