म्हणे, फाइल ब्राउझरबाहेर जात नाही!

मावशीचं ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचं आणि कोणाला का द्यायचं नाही, हे ती मोकळेपणी बोलली होती. मध्ये दोनदा थांबून म्हणाली, "हे बाहेर जायला नको हं." फक्त मावसभावाला पाठव, असं तिनेच सांगितलं होतं.

माझा रेकॉर्डर जुना, फक्त वेव्ह फाइल बनवतो. म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, वर डावा-उजवा असे दोन चॅनल. मिनिटाला दहा एमबी तरी होतात. फाइल ४०० एमबीच्या वर गेली आणि जीमेल २५ च्या पुढे जोडू देत नाही. नुसत्या बोलण्याला ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ हजार बिट) मोनो, म्हणजे एकाच चॅनलची, एमपीथ्री पुरते, तीच फाइल २० एमबीच्या आत येते. काम एवढंच होतं.

शोधल्यावर एक साइट मिळाली. हिरव्या कुलपाशेजारी ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'तुमची फाइल तुमच्या ब्राउझरबाहेर जात नाही.' मी विश्वास ठेवला, कारण असं खरंच करता येतं. एफएफएमपेग नावाचं मोफत सॉफ्टवेअर २००० सालापासून आहे आणि असंख्य कन्व्हर्टर आतून तेच वापरतात. वेबअसेंब्ली म्हणजे जड प्रोग्राम ब्राउझरच्या आत चालवायचं तंत्र; २०१९ मध्ये ते वेबचं अधिकृत मानक झालं. त्यातून एफएफएमपेग थेट ब्राउझरमध्ये चालवता येतं, फाइल कुठे पाठवायची गरजच पडत नाही. हे मी कुठेतरी वाचलं होतं. अर्धवट माहिती नडली ती अशी. काहीच ठाऊक नसतं तर बहुतेक बिचकून मागे फिरलो असतो.

फाइल टाकली. 'रूपांतर सुरू आहे' अशी पट्टी ९० टक्क्यांपर्यंत गोगलगाईसारखी सरकली, २० मिनिटं तरी गेली असतील. मग उरलेले १० टक्के डोळ्याचं पातं लवायच्या आत. फोनच्या हॉटस्पॉटवर होतो, मध्येच डेटा निम्मा संपल्याचा मेसेज आला. मला वाटलं, संगणक गुपचूप अपडेट उतरवतोय; त्याला शिव्या घातल्या. पुरावा समोर सरकत होता आणि मी चहा पीत होतो.

एमपीथ्री उतरवली. भावाला मेल करताना घाईत फाइल जोडायच्या ऐवजी डाउनलोडची लिंकच चिकटवली. पाच मिनिटांत त्याचा फोन: "ऐकतोय रे, आवाज स्वच्छ आहे."

फाइल माझ्या ब्राउझरबाहेर गेलीच नव्हती, तर त्याच्या फोनवर वाजली कशी?

ब्राउझरमध्येच तयार झालेल्या फाइलचा पत्ता 'ब्लॉब' या शब्दाने सुरू होतो. तो माझ्या त्या उघड्या टॅबपुरताच असतो, दुसऱ्याच्या फोनवर उघडत नाही. माझी लिंक मात्र त्यांच्या सर्व्हरवरची होती. पासवर्ड नाही, लॉगिन नाही. मग त्यांचं गोपनीयता धोरण उघडलं. तळाशी बारीक अक्षरांत होतं, 'अपलोड केलेला मजकूर सेवा सुधारण्यासाठी साठवला जाऊ शकतो.' वर म्हणायचं फाइल जात नाही आणि खाली अपलोड हा शब्द स्वतःच लिहायचा!

व्हायरसबियरस आला नाही, तेवढं नशीब. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकट फाइल कन्व्हर्टरमधून मालवेअर पसरवलं जातं, असा जाहीर इशारा दिला होता. तो मी वाचला, पण हे सगळं झाल्यावर.

आता ब्राउझरमध्येच काम करायचं असेल तर मी असं करतो. खासगी विंडोत साइट उघडतो आणि आधी दोन सेकंदांची 'हॅलो हॅलो' फाइल एमपीथ्री करून बघतो. काही प्रामाणिक साइट रूपांतराचं इंजिन पहिल्या फाइलच्या वेळी उतरवतात. ही पायरी गाळली तर चांगली साइटही नेट बंद केल्यावर अडते आणि उगाच तिच्यावर संशय येतो. मग वायफाय बंद, फोनचा डेटा बंद, आणि खरी फाइल टाकतो. रूपांतर झालं तर काम इथल्या इथेच झालं. तरी नेट चालू करायच्या आधी एमपीथ्री साठवून ती खासगी विंडो पूर्ण मिटतो, कारण फाइल दाबून ठेवून नेट आल्यावर पाठवणारं पान लिहिणं काही अवघड नाही. नेट चालू ठेवूनच पाहायचं असेल तर एफ१२ दाबून नेटवर्कचा भाग उघडावा. तिथे ४०० एमबी बाहेर जाताना लपत नाहीत.

खरं तर एवढी उठाठेवही नको. ऑडॅसिटी किंवा व्हीएलसी हे मोफत प्रोग्राम संगणकावर टाकले की झालं, रूपांतर तिथेच होतं. तीच फाइल नंतर ऑडॅसिटीत केली, मिनिटभरही लागलं नाही. तेव्हा कुठे त्या २० मिनिटांचा अर्थ लागला: तो वेळ रूपांतराचा नव्हता, फाइल त्यांच्या सर्व्हरवर चढण्याचा होता.

साइटवर 'एका तासात फाइल पुसली जाते' असंही लिहिलंय. जी बाहेर जातच नाही ती कुठून पुसणार, हे तेव्हा सुचलं नाही. संपर्काच्या पत्त्यावर मेल केला, तो परत आला. मावशीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "किती जणांनी ऐकलं असेल?"

आज २३ वा दिवस. सकाळी लिंक उघडून पाहिली. मावशीचा आवाज लगेच सुरू झाला.