इंडक्शनच्या आधीची धास्ती: कुठल्या भीतीला कुठला उपाय?

कळा आपोआप सुरू झाल्या तर घाबरायला सवड मिळत नाही. बॅग उचलायची आणि निघायचं. पण 'गुरुवारी सकाळी सातला दाखल व्हा, कळा आणू' असं डॉक्टरांनी सांगितलं, की मधल्या चार-पाच दिवसांत भीतीला मोकळं रान मिळतं. पुण्यात अशा वेळी सल्ल्यांचा तुटवडा नसतो: गर्भसंस्कार वर्ग, प्राणायाम, दौला (बाळंतपणात सोबत करणारी प्रशिक्षित स्त्री), एपिड्युरल (पाठीत बारीक नळी घालून कळांची वेदना बधिर करणं), शिवाय 'काही नाही गं होत' म्हणणाऱ्या मावश्या. हे सगळं करायला वेळ नसतो आणि गरजही नसते. दोन गोष्टी निवडा. कुठल्या, ते भीती कशाची आहे त्यावर ठरतं.

ढोबळमानाने ती चार तऱ्हांची असते. माझ्या शरीराचं नेमकं काय करणार आहेत हे माहीत नाही, ही पहिली. कळा सोसतील का, ही दुसरी. लेबर रूममध्ये मी एकटी पडेन, माझं कुणी ऐकणार नाही, ही तिसरी. चौथीला कारण लागत नाही: रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, पोटात गोळा येतो. गफलत अशी होते, की पहिल्या भीतीवर चौथीचा उपाय सांगितला जातो. फोलीचा फुगा म्हणजे काय हेच जिला ठाऊक नाही, तिला 'दीर्घ श्वास घे' सांगून काय होणार?

माहिती: वर्ग, व्हिडिओ की डॉक्टरांसोबत पंधरा मिनिटं

प्रसूतिपूर्व वर्ग चांगले असतात, पण ते काही आठवड्यांचे असतात आणि त्यांचा भर आपोआप येणाऱ्या कळांवर असतो. तारीख आठवड्यावर आली असेल तर तो मार्ग सोडा. व्हिडिओंमध्ये ज्यांचं बिनसलं त्यांच्याच कहाण्या जास्त पाहिल्या जातात, आणि एक पाहिला की तसलेच दहा समोर येतात. आमच्या मते पहिल्या भीतीवर खरा उतारा एकच: प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांसमोर बसणं. ओपीडीच्या गर्दीत नव्हे. 'इंडक्शनबद्दल बोलायचंय' असं सांगून वेगळी वेळ घ्या.

पहिला प्रश्न: माझा बिशप स्कोअर किती? आतून तपासून गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की घट्ट, कुठल्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टींवर ० ते १३ गुण देतात. ८ किंवा जास्त असतील तर काम बरंच सोपं. ६ किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करावं लागतं आणि पहिलटकरणीला दाखल झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत चोवीस तास, कधी दोन दिवसही लागतात. हा आकडा आधी कळला तर बारा तासांनी 'अजून काहीच होत नाहीये' म्हणून जीव टांगणीला लागत नाही.

दुसरा प्रश्न: तोंड मऊ करायला काय वापरणार? इथे पर्यायांमध्ये खरा फरक आहे. डायनोप्रोस्टोन जेल एका वेळी ०.५ मिलीग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत जास्तीत जास्त तीनदा लावतात. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या २५ मायक्रोग्रॅमच्या, तोंडावाटे दर दोन तासांनी किंवा योनिमार्गात दर सहा तासांनी. आधीचं सिझर असेल तर या गोळ्या देत नाहीत. फोलीच्या फुग्यात औषध नसतंच: नळीच्या टोकाचा फुगा ३० ते ६० मिली पाण्याने फुगवतात आणि तोंड तीन-चार सेंटीमीटर उघडलं की तो आपसूक निसटतो. कळा एकदम अंगावर येतील, आवरणार नाहीत, अशी ज्यांना धास्ती असते त्यांनी फुग्याबद्दल जरूर विचारावं. घालताना दोन-चार मिनिटं बरंच अवघड वाटतं, पण तो काढून टाकता येतो आणि त्याने कळांचा अतिरेक होण्याची शक्यता कमी. एकदा लावलेलं जेल परत काढून घेणं अवघड.

पुढची पायरी कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनची, बोलीभाषेत 'पिटची', ड्रिप. ती पंपावर अगदी थोडी सुरू करून साधारण अर्ध्या तासाने वाढवतात आणि पोटावरच्या पट्ट्याने बाळाचे ठोके पाहत राहतात. दहा मिनिटांत पाचांहून जास्त कळा येऊ लागल्या तर ड्रिप बंद करतात. तिचा असर काही मिनिटांत उतरू लागतो. ड्रिपला घाबरणाऱ्यांना एवढं कळलं तरी पुष्कळ.

तिसरा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि तोंडावर येत नाही: इंडक्शन म्हणजे शेवटी सिझरच ना? अमेरिकेत सहा हजारांहून जास्त निरोगी पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अराइव्ह चाचणीत ३९व्या आठवड्यात इंडक्शन केलेल्यांत सिझरचं प्रमाण १८.६ टक्के निघालं आणि वाट पाहिलेल्यांत २२.२ टक्के. तुमचं इंडक्शन बीपी, साखर किंवा बाळाची वाढ कमी म्हणून असेल तर हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. तरी 'इंडक्शन म्हणजे सिझर' हे समीकरण टिकत नाही. म्हणून असं विचारा: 'इंडक्शन फेल झालं असं तुम्ही कधी म्हणता?' आई-बाळ ठीक असतील तर पाणी फोडून ड्रिप सुरू केल्यावर निदान १२ ते १८ तास द्यावेत, असं मानलं जातं. दोन जेल लावून कळा नाहीत, एवढ्यावरून फेल म्हणत नाहीत.

जाता जाता मुहूर्ताबद्दल. इंडक्शनने सुरुवातीची वेळ ठरते, जन्माची नाही. घरात कुणी पंचांग उघडून बसलं असेल तर हे आत्ताच सांगून टाका, नाहीतर लेबर रूमबाहेर घड्याळाकडे पाहणारी माणसं तुमच्या डोक्याला आणखी एक ताप होतात.

सोबत: नवरा, आई की दौला

तिसऱ्या भीतीवर याहून चांगला उपाय नाही. प्रसूतीभर एक माणूस सतत जवळ असण्याचा २०१७ चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) २६ चाचण्या आणि १५ हजारांहून जास्त स्त्रियांवर बेतलेला आहे: सिझर थोडे कमी, कळांचा काळ थोडा कमी, अनुभवाबद्दल नाराजी कमी. श्वासाच्या कुठल्याही तंत्रामागे एवढा भक्कम पुरावा नाही.

सरकारी रुग्णालयांत, म्हणजे ससून, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू किंवा पिंपरीचं यशवंतराव चव्हाण अशा ठिकाणी, केंद्राच्या २०१६ च्या सूचनेप्रमाणे एक स्त्री सोबती चालते; तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं अशी अपेक्षा असते. तिथे नवऱ्याचा प्रश्न बहुधा निकालात निघतो. खासगीत प्रत्येकाचा नियम निराळा. लेबर रूम सामायिक असेल तर पुरुषाला आत घेत नाहीत, स्वतंत्र खोली असेल तर घेतात. हे दाखल होण्याआधी विचारा, दारात वाद नको.

आईला अनुभव असतो, पण त्याबरोबर 'आमच्या वेळी' पण येतं. लेकीला कळ आली की काही जणींचे स्वतःचेच डोळे भरतात. नवऱ्याला अनुभव नसतो, मात्र त्याला दोन कामं नेमून दिली तर तो उपयोगी पडतो: कळ आली की तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वर घट्ट दाब देणं, आणि डॉक्टर जे सांगतील ते मोबाइलवर टिपून ठेवणं. दौला शांत असते, कुठल्या अवस्थेत कसं बसावं हे तिला ठाऊक असतं. पण ती वैद्यकीय निर्णय घेत नाही, फी वेगळी घेते आणि काही रुग्णालयं तिला 'दुसरा नातेवाईक' धरून बाहेर बसवतात. आईसमोर तुम्हाला धीट असल्याचं सोंग आणावं लागत असेल तर आईला बाहेरची खुर्ची द्या.

आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तारीख टाकू नका. 'या आठवड्यात' पुरे. नाहीतर जेल लावल्यापासून दर तासाला 'झालं का?' सुरू.

वेदना: एपिड्युरल आधीच ठरवायचं की वेळेवर पाहायचं

'बघू, सहन झालं नाही तर घेऊ' हे ऐकायला बरं वाटतं. ड्रिपच्या कळा मात्र अनेकींना लवकर जोरात चढतात, आणि छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावे लागतात. मोठ्या रुग्णालयात ते चोवीस तास असले तरी तातडीच्या सिझरमध्ये अडकलेले असू शकतात. वेदनेची भीती मोठी असेल तर आधी भूलतज्ज्ञांना भेटून या, प्लेटलेट्सचा अहवाल दाखवा. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून एनोक्सापॅरिनसारख्या हेपारिनची प्रतिबंधक इंजेक्शनं चालू असतील तर शेवटचं इंजेक्शन आणि एपिड्युरल यांत किमान १२ तास लागतात, मोठ्या मात्रेला २४; हे ऐनवेळी कळलं तर दार बंद. परवानगी देऊन ठेवली म्हणून घ्यावंच लागतं असं नाही.

एपिड्युरल लागू व्हायला १० ते २० मिनिटं लागतात. बीपी उतरतं, खाज सुटते, कधी एकाच बाजूला असर होतो आणि नळी सरकवावी लागते. शंभरात एखादीला नंतर डोकेदुखी होते, तिच्यावर उपचार आहे. जोर काढण्याचा टप्पा थोडा लांबतो. सिझरचं प्रमाण त्याने वाढत नाही, आणि 'सुईमुळे जन्मभर कंबर दुखते' यालाही आधार नाही. ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन बहुतेक ठिकाणी मिळतं, पण आराम अर्धवट आणि मळमळ भरपूर.

शरीराची घाबरगुंडी: श्वास, शिथिलीकरण, औषध

श्वासाचं तंत्र फुकट आहे आणि चालतं, फक्त आजपासून सराव हवा. नाकाने चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. चूक कुठे होते? घाबरलेला माणूस 'दीर्घ' म्हणजे मोठा आणि भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती दुप्पट होते. लक्ष श्वास सोडण्यावर ठेवा. भ्रामरी चालेल, कुंभक, कपालभाती, भस्त्रिका नको.

श्वासावर लक्ष दिलं की उलट जास्तच गुदमरतं अशाही बायका असतात. त्यांच्यासाठी स्नायू शिथिल करणं बरं: डाव्या कुशीवर झोपून पावलांपासून सुरुवात, पाच सेकंद आवळायचं, वीस सेकंद सैल सोडायचं, पोट वगळून चेहऱ्यापर्यंत यायचं.

एवढ्याने भागत नसेल तर स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा बेचैन, धास्तावल्यासारखं वाटलं? आणि काळजी थांबवणं किती वेळा जमलं नाही? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर हे नुसतं इंडक्शनचं टेन्शन नसेल, प्रसूतितज्ज्ञांना सांगा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. चिंतेची किंवा नैराश्याची गोळी आधीपासून चालू असेल तर 'बाळासाठी' म्हणून मनाने बंद करू नका. घरातली अल्प्राझोलॅम किंवा झोपेची गोळी आदल्या रात्री घेणं मात्र नकोच: बाळ जन्मतः सुस्त, अंग ढिलं, दूध ओढत नाही. कळा लवकर येतील म्हणून एरंडेलही नको. जुलाब होऊन थकलेल्या अंगाने टेबलावर जाल.

रात्री दाखल व्हायचं की सकाळी

काही ठिकाणी ही निवड देतात. रात्री नऊला जाऊन जेल लावलं तर सकाळी डॉक्टरांची सगळी फौज हजर असताना पुढचं काम होतं, पण ती रात्र अनोळखी खाटेवर, जागरणात जाते. चौथ्या प्रकारची भीती असेल तर आम्ही सकाळ सुचवू: मऊ खिचडी, चारनंतर चहा-कॉफी बंद, आपल्या अंथरुणात झोप. तारीख अनंत चतुर्दशीला लागून असेल आणि रुग्णालय पेठांत असेल तर मात्र रात्र, नव्हे आदला दिवसच बरा. लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर हे चारही रस्ते बंद, आणि मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते. विम्याची कॅशलेस मंजुरी हवी असेल तर रुग्णालयातल्या टीपीए (विम्याचे दावे पाहणारी संस्था) डेस्कला दोन-तीन दिवस आधी कागद द्या.

निघण्याआधी लेबर रूमला फोन करा. तातडीच्या केसेस आल्या, खाटा भरल्या की इंडक्शन एक दिवस पुढे जातं, आणि मनाची तयारी झालेली असताना हा निरोप फार लागतो. त्यासाठी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा: पुढे ढकललं तर मला किती थांबता येईल? थांबताना बाळाची हालचाल कमी वाटली, रक्तस्राव झाला, पाणी गेलं किंवा डोकं ठणकून डोळ्यांसमोर अंधारी आली, तर खाटेची वाट न पाहता लगेच निघा. गाडी नसेल तर १०८.