देणगीदाराची वेबसाइट जपायची तर कशाने? आर्काइव्ह-इट, आर्काइव्हवेब.पेज की एचटीट्रॅक

लायब्ररीकडे एखाद्या लेखकाची किंवा कार्यकर्त्याची कागदपत्रं येतात तेव्हा पत्रं, डायऱ्या, फोटो सगळं खोक्यांतून येतं, वेबसाइट मात्र येत नाही, कारण ती कुठल्यातरी होस्टिंगवाल्याकडे असते. माणूस गेला, बिल थकलं, डोमेन सुटलं की साइट संपली. म्हणजे साइट घ्यायची हे नक्की, फक्त कशाने घ्यायची आणि कॅटलॉगमध्ये कुठे बसवायची एवढं ठरवायचंय.

आर्काइव्ह-इट ही इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइट जपणाऱ्या ना-नफा संस्थेची वर्गणीची सेवा, २००६ पासून चालू आहे. साइटचा पत्ता द्यायचा, किती दिवसांनी क्रॉल करायचं (म्हणजे प्रोग्रॅमने लिंकमागून लिंक उघडत पानं साठवायची) ते ठरवायचं, बाकी सगळं त्यांच्या सर्व्हरवर. वर्गणी डेटाच्या हिशेबाने असते म्हणून टेस्ट क्रॉल घेतल्याशिवाय खरा क्रॉल लावू नका. साइटवर कार्यक्रमांचं कॅलेंडर असलं तर क्रॉलर ‘पुढचा महिना’ दाबत दाबत कित्येक वर्षं पुढे जातो, सगळी रिकामी पानं गोळा करतो आणि तुमची मर्यादा तिथेच खर्च होते. तरीही देणगीदार हयात असेल, साइटवर अजून लिहीत असेल आणि असे बरेच देणगीदार असतील तर हाच पर्याय, कारण दर थोड्या दिवसांनी हे हाताने करणं कुणाला जमत नाही.

आर्काइव्हवेब.पेज हे वेबरेकॉर्डरवाल्यांचं क्रोममधलं एक्स्टेन्शन, फुकट आहे. रेकॉर्ड चालू करायचं आणि साइट स्वतः फिरायची. जे उघडाल तेच साठतं, म्हणजे ‘आणखी दाखवा’ दाबलं नाही तर खालचे लेख नाहीत आणि व्हिडिओ चालवला नाही तर तोही नाही. कंटाळवाणं आहे, पण क्रॉलर जिथे अडखळतो ती फोटो गॅलरी किंवा लॉगइनमागची पानं नीट येतात. शेवटी वॉकझ (WACZ) नावाची एक फाइल हातात मिळते, ती तुमच्याच स्टोरेजवर राहते आणि रिप्लेवेब.पेजवर उघडते. वर्षाला दोन-चार साइट घेणाऱ्या लायब्ररीने डोळे झाकून हेच घ्यावं असं माझं मत आहे.

एचटीट्रॅक जुनं आणि सोपं आहे, साध्या एचटीएमएल साइटची कॉपी पटकन देतं. पण ऑफलाइन चालावं म्हणून पानांतल्या लिंक बदलतं, आणि सर्व्हरने नेमकं काय, कधी पाठवलं ती नोंद वॉर्क फाइलसारखी राहत नाही. वॉर्क (WARC) हा वेब आर्काइव्हसाठीचा आयएसओ २८५०० स्टँडर्ड फॉरमॅट आहे, वरच्या वॉकझमध्येही आत वॉर्कच असतो. मूळ जसंच्या तसं ठेवणं हे आपलं काम, त्यामुळे मी ही कॉपी फक्त हाताशी असावी म्हणून ठेवेन. कमांड लाइन जमत असेल तर डब्ल्यूगेट हे फुकट डाउनलोड टूलसुद्धा वॉर्क बनवून देतं.

इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीन या सगळ्यांसाठी खुल्या साइटवर नुसतं पान सेव्ह करणं आज लगेच करून टाका, काही लागत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ल्यांमुळे इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंद होतं, तेव्हा स्वतःकडे कॉपी नसलेल्यांना वाट बघण्याशिवाय काही करता आलं नाही.

आता कॅटलॉग, खरी मेख इथे आहे. एक मार्ग म्हणजे साइटचा वेगळा मार्क रेकॉर्ड (कॅटलॉगमधली ठरावीक साच्यातली नोंद) करून त्यातल्या लिंकसाठीच्या ८५६ फील्डमध्ये लिंक द्यायची, दुसरा म्हणजे त्या माणसाच्या कागदपत्रांच्या फाइंडिंग एडमध्येच (संग्रहात काय कुठे आहे ते सांगणाऱ्या यादीत) साइटसाठी एक सिरीज, म्हणजे वेगळा विभाग, करायची. वेगळ्या रेकॉर्डने कॅटलॉगच्या सर्चमध्ये साइट पटकन सापडते हे खरं, पण मग ती पत्रांपासून तुटते, आणि ज्या लेखाचा कच्चा खर्डा खोक्यात आहे तोच साइटवर छापलेला आहे हे वाचकाला कळतच नाही. म्हणून आधी सिरीज, हाताशी पुरेसे कर्मचारी असतील तर वरून मार्क रेकॉर्ड.

तारखांचा घोळ मात्र टाळा. साइट २००९ ला सुरू झाली आणि तुम्ही २०२४ ला पकडली तर दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहा, नाहीतर वाचकाला वाटतं २००९ ची पानं जशी होती तशी आहेत, आणि प्रत्यक्षात त्याला दिसतं ते २०२४ चं रूप. कशाने क्रॉल केलं, काय सुटलं तेही नोटमध्ये टाका, ‘व्हिडिओ आलेले नाहीत’ एवढं एक वाक्य संशोधकाचा बराच वेळ वाचवतं. काय काय भरायचं हे सुचत नसेल तर ओसीएलसी या लायब्ररींच्या आंतरराष्ट्रीय सहकारी संस्थेच्या गटाने २०१८ मध्ये वेब आर्काइव्हच्या वर्णनासाठी शिफारशी दिल्यात, छोट्या लायब्ररीलाही झेपतील अशा आहेत.

आणि देणगीपत्रावर सही होतानाच साइटची परवानगी लिहून घ्या, कॉपी करायची, लोकांना दाखवायची, दोन्ही. साइटवर इतरांचे फोटो, कॉमेंट असतात, त्यांचा हक्क देणगीदार देऊ शकत नाही, म्हणून काही भाग फक्त वाचनकक्षात दाखवायचा अशी सोय ठेवा. जमल्यास होस्टिंगचा बॅकअपही मागा, त्यात न छापलेले मसुदे असतात आणि ते बाहेरून कुठल्याच क्रॉलरला मिळत नाहीत.