प्रवाळांवरून तरंगताना: पाठीमागे फुगणाऱ्या बीसीडीचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने मी पाठीमागे फुगा असलेली बीसीडी वापरत आहे. बीसीडी म्हणजे डायव्हरने अंगावर घालायचे, हवा भरून किंवा सोडून पाण्यातला तोल सांभाळायचे साधन. या काळात ६४ डाइव्ह झाल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक प्रवाळांच्या सर्वेक्षणासाठी होत्या, म्हणजे तळापासून हात-दीड हातावर, पाटी आणि पेन्सिल घेऊन, एकाच पट्ट्यात पाऊण तास स्थिर राहण्याच्या. त्यामुळे खिसे किती आहेत, रंग कसा आहे, होडीवर ती घालायला किती सोपी आहे, या गोष्टींना मी फारसे महत्त्व दिले नाही. माझी कसोटी एकच होती: ही बीसीडी अंगावर असताना माझा धक्का प्रवाळाला किती वेळा लागतो?

याआधी मी जाकिटासारखी बीसीडी वापरत असे. तिच्यात हवा बगलांखाली आणि छातीच्या बाजूंना भरते, पाण्यात खाली जाता यावे म्हणून कमरेच्या पट्ट्यात घेतलेले शिसे पाय खाली ओढते आणि शरीर तिरके होते. तिरक्या शरीराचे फिन्स, म्हणजे पायांत घालायचे पोहण्याचे पर, नेमके प्रवाळांच्या उंचीवर येतात. सर्वेक्षणाच्या तिसऱ्याच डाइव्हमध्ये माझ्या डाव्या फिनचे टोक हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या असलेल्या एका प्रवाळाला लागले. वाळलेली काडी मोडावी एवढाच आवाज झाला. वळून पाहिले तर बोटाएवढी फांदी वाळूत पडली होती आणि ती जिथून तुटली तिथे खडूसारखा पांढरा ठिपका दिसत होता. सहा आठवड्यांनी त्याच जागी गेले, तेव्हा त्या ठिपक्यावर शेवाळाने पातळ हिरवी साय धरली होती. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते, पण त्याच्या शेजारी असलेले घुमटासारखे भरीव प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. फिन एक हात पलीकडे गेला असता तर काय खरवडले गेले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. नवी बीसीडी मी घेतली ती त्या फांदीमुळे.

पहिला महिना मात्र नव्या बीसीडीपेक्षा शिशाकडेच लक्ष देण्यात गेला. जुन्या सवयीप्रमाणे मी ८ किलो वजन घेऊन उतरत होते. अंगावर गरजेपेक्षा अधिक शिसे असले की ते तोलण्यासाठी फुग्यात अधिक हवा भरावी लागते, आणि हवा जितकी अधिक तितके खोलीतल्या प्रत्येक बदलाबरोबर तिचे आकुंचन-प्रसरण मोठे. पृष्ठभागावर दाब एक वातावरण असतो, १० मीटरवर तो दुप्पट होतो आणि तीच हवा निम्म्या जागेत मावते. म्हणून सर्वांत कठीण भाग खोल पाण्यात नसून वरच्या दहा मीटरमध्येच असतो, आणि उथळ, सूर्यप्रकाश भरपूर मिळणारी प्रवाळभित्तीही तिथेच असते. ज्याला थोडे वर तरंगताना हवा सोडावी लागते आणि थोडे खाली जाताना भरावी लागते, तो तळाशी कधीच निवांत नसतो.

वजनाची तपासणी मी डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार दाबाएवढी हवा उरलेली असताना केली. हे महत्त्वाचे आहे, कारण ११ लिटरच्या भरलेल्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधील हवेचे वजनच अडीच किलोच्या आसपास असते आणि ती संपत जाते तसे आपण हलके होत जातो. वर येण्याआधी ५ मीटरवर घ्यायच्या तीन मिनिटांच्या थांब्यात, फुगा पूर्ण रिकामा असताना, नेहमीचा श्वास घेत एका जागी राहता आले म्हणजे वजन बरोबर. प्रत्येक डाइव्हला अर्धा-अर्धा किलो कमी करत मी ५ किलोंवर आले. त्यातला साधारण एक किलो नव्या बीसीडीने वाचवला असावा, कारण तिच्यात फोमची गादी फार कमी आहे आणि फोम स्वतःच वर तरंगू पाहतो. उरलेले दोन किलो मी निव्वळ भीतीपोटी वाहत होते.

वजन जुळल्यावर या बीसीडीचे खरे काम दिसू लागले. हवा पाठीवर, सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना राहते आणि शिशाचा काही भाग सिलिंडरच्या पट्ट्यावरील लहान खिशांत ठेवता येतो. ते खिसे चार बोटे वर सरकवले आणि माझे पाय आपोआप उचलले गेले. शरीर आडवे झाले की बेडकासारखी लाथ मारता येते, पाणी खाली न ढकलता मागे ढकलले जाते आणि वाळू उडत नाही. उडालेला गाळ प्रवाळावर बसला तर तो हटवण्यासाठी त्याला चिकट स्राव सोडावा लागतो, त्यात त्याची ऊर्जा खर्च होते. आठव्या महिन्यात माझ्या मागून येणाऱ्या जोडीदाराने पाटीवर दोनच शब्द लिहून दाखवले: ‘पाणी स्वच्छ’. याहून मोठी पावती मला कोणी दिलेली नाही.

सर्वेक्षणाच्या कामात तर फरक फारच जाणवतो. आम्ही रीफ चेक या संस्थेची प्रवाळ-पाहणीची पद्धत वापरतो. १९९७ सालच्या पहिल्या जागतिक सर्वेक्षणापासून जगभर स्वयंसेवक ती वापरत आले आहेत. १०० मीटरची टेप तळावर अंथरायची, तिचे २० मीटरचे चार भाग धरायचे, आणि प्रत्येक भागात दर अर्ध्या मीटरवर ओळंबा सोडून त्याच्या टोकाखाली काय आहे ते लिहायचे: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, वाळू, खडक, तुटलेले तुकडे. अशा १६० नोंदी होतात. एका हातात ओळंबा, दुसऱ्यात पेन्सिल, म्हणजे इन्फ्लेटरसाठी, फुग्यात हवा भरण्याच्या बटणासाठी, हात मोकळा नाहीच. सगळा तोल फुप्फुसांवर. सावकाश श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. मी श्वास रोखून धरत नाही आणि कोणीही धरू नये. या बीसीडीत हवा इतकी थोडी लागते की एवढ्या श्वासावर खरोखर काम भागते. ‘नुकतेच मेलेले प्रवाळ’ असाही एक रकाना त्या तक्त्यात आहे, आणि त्यात भर घालणारे आपणच असू नये, ही किमान अपेक्षा आहे.

प्रवाळाचे आरोग्य रंगावरून ताडण्याच्या रंगपट्टीचा वापरही सोपा झाला. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाची पट्टी प्रवाळाशेजारी धरून सर्वांत फिकी आणि सर्वांत गडद छटा नोंदवायची असते, आणि पट्टीचा किंवा बोटाचा स्पर्श होऊ द्यायचा नसतो. नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने अधिक आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या ऊतींतील सूक्ष्म शैवाले बाहेर टाकते आणि पांढरे पडते. पांढरे पडलेले प्रवाळ मेलेले नसते. उपाशी असते, आणि पाणी वेळेत निवले तर सावरू शकते. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण ‘हे तर मेलेलेच आहे’ असे समजून पांढऱ्या प्रवाळाला धरून थांबणारे डायव्हर मी या हंगामात दोनदा पाहिले. दोघांच्याही अंगावर शिसे जास्त होते आणि हातात मोजे होते. मोजे घातले की कुठेही हात टेकवण्याचा मोह होतो, म्हणून मी ते वापरणे सोडले आहे.

आता दोष. पृष्ठभागावर ही बीसीडी तोंडावर पालथे ढकलते. लाटा असतील आणि होडी यायला वेळ असेल तर हे त्रासाचे ठरते. फुगा पूर्ण न भरता किंचित मागे रेलले की बरे पडते, पण नवशिक्याला पहिल्या दिवशी हे जमेलच असे नाही. वजनाच्या खिशांचे खटके नव्या स्थितीत इतके घट्ट होते की ओल्या हाताने ते ओढणे कठीण जात असे. आणीबाणीत सोडायच्या वस्तूबाबत हे मला मान्य नाही. छातीवरच्या कड्या जरा खाली असल्यामुळे ऑक्टोपस (श्वासाचे जादा तोंड) आणि दाबमापक लोंबत राहात. मी दोन साधे क्लिप लावून दोन्ही अंगालगत घेतले. लोंबणारी नळी प्रवाळात अडकली तर फिनइतकेच नुकसान करते.

सर्वांत गंभीर प्रसंग सहाव्या महिन्यातला. ९ मीटरवर हवेचा एक लहानसा फुसकारा भरला आणि इन्फ्लेटरचे बटण आतच अडकले. फुगा भरत गेला, मी वर खेचली जाऊ लागले. हवा आणणाऱ्या नळीचा जोड ओढून सोडवला आणि त्याच वेळी कमरेजवळच्या मागच्या झडपेची दोरी ओढून हवा सोडली. जोडीदाराने माझा पट्टा धरला. तोवर दोन-अडीच मीटर वर गेले होते, तरीही मी श्वास चालू ठेवला होता. घरी झडप उघडली तेव्हा स्प्रिंगभोवती मिठाचे पांढरे खडे होते. बाहेरून रोज धूत होते, फुग्याच्या आतून मात्र क्वचितच. तेव्हापासून प्रत्येक डाइव्हच्या दिवशी तोंडाच्या नळीतून गोडे पाणी आत भरते, बीसीडी उलटसुलट हलवते, सगळे पाणी काढते आणि फुगा अर्धवट भरून सावलीत वाळवते. बटण पाण्यात बुडवून वीस-पंचवीस वेळा दाबते. नंतर ते पुन्हा अडकलेले नाही.

कापड, शिवण आणि झडपांची दोरी आठ महिन्यांनंतरही चांगल्या स्थितीत आहेत. केवळ डाव्या खांद्याच्या पट्ट्याचा रंग उडाला आहे. वर्षाकाठी पाच-सहा डाइव्ह करणाऱ्याने यासाठी जुनी बीसीडी बदलू नये. आधी डाइव्हच्या शेवटी, ५० बारवर, आपले वजन तपासावे. मात्र जे छायाचित्रे काढतात किंवा सर्वेक्षण करतात, म्हणजे प्रवाळाच्या अगदी जवळ बराच वेळ थांबतात, त्यांनी ही बनावट किमान तीन-चार डाइव्ह वापरून पाहावी, आणि त्याही वाळूच्या तळावर. मी पहिल्या सहा डाइव्ह तशाच केल्या, आणि सातव्या डाइव्हला भित्तीवर गेले.